पहिली रीफ टाकी: कोणतं यंत्र घ्यावं, आणि ते बिघडलं तर काय

रीफ टाकी, म्हणजे प्रवाळं असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, लावायची म्हटलं की बहुतेकांची नजर आधी दिव्याकडे जाते. निळा प्रकाश, त्यात चमकणारी प्रवाळं, मधून फिरणारा नारिंगी क्लाउनफिश. हे चित्र इतकं मोहवतं की ठरवलेल्या पैशांतला मोठा वाटा दिव्यावर खर्च होतो. मग पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरसाठी आणि हीटरच्या कंट्रोलरसाठी हात आखडता घेतला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा.

समुद्रात पाण्याचं तापमान आणि खारटपणा फार सावकाश बदलतो. प्रवाळ हा त्या संथपणावर पोसलेला जीव आहे. दीडशे लिटरच्या काचेच्या पेटीत तो संथपणा आपल्याला यंत्रांकडून आणावा लागतो, आणि यंत्र म्हटलं की ते कधी ना कधी बिघडणारच. म्हणून पहिल्या टाकीसाठी कुठलीही वस्तू घेताना मी दोन प्रश्न विचारतो. ही नेमकं काय काम करते? आणि ही बिघडली तर चालू अवस्थेत अडकेल की बंद पडेल, आणि तेव्हा आतल्या जिवांचं काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या खोक्यावर छापलेलं नसतं. ते आपणच शोधायचं असतं.

पायरी १: आधी जीव ठरवा, मग यंत्रं

प्रवाळांचे ढोबळमानाने तीन गट करतात. सॉफ्ट कोरलना दगडी सांगाडा नसतो: मशरूम, झोअँथिड, लेदर कोरल वगैरे. एलपीएस म्हणजे मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक तोंडवाला जीव) दगडी प्रवाळं, उदाहरणार्थ युफिलिया. एसपीएस म्हणजे छोट्या पॉलिपची, त्यात अ‍ॅक्रोपोरा सगळ्यांत नावाजलेला आणि सगळ्यांत नाजूक. पहिल्या गटाला मध्यम प्रकाश आणि मध्यम प्रवाह पुरतो, तिसऱ्याला दोन्ही जोरदार लागतात, शिवाय पाण्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटीचे (कार्बोनेटच्या साठ्याचे) आकडे जागचे हलून चालत नाहीत.

पहिल्या वर्षासाठी सॉफ्ट कोरल आणि एक-दोन सोशिक एलपीएस एवढंच ठरवा. हे एकदा मनाशी पक्कं झालं की निम्मी महागडी यंत्रं यादीतून आपोआप गळतात.

दोन गोष्टी इथेच सांगून ठेवतो, कारण त्या यंत्रांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. दगडी प्रवाळं साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, म्हणजे त्यांच्या देशोदेशींच्या व्यापारावर नियंत्रण आहे. काही देशांचे स्वतःचे कायदे याहून कडक आहेत आणि तिथे प्रवाळ बाळगायलाही मनाई असते. आपल्याकडचा कायदा काय म्हणतो ते टाकी घेण्याआधी बघा. प्रवाळ ठेवता येत नसेल, तर याच सगळ्या यंत्रांवर फक्त मासे आणि दगड असलेली सुंदर खारी टाकी चालते, आणि दिवाही साधा पुरतो.

दुसरी गोष्ट झोअँथिडबद्दल. यांच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं अतिशय जहाल विष असतं. ती हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ती चिकटलेला दगड कधीही उकळू नका आणि गरम पाण्याने घासूही नका. त्या वाफेने माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत.

पायरी २: टाकी आणि तिचं वजन

नवखा माणूस लहान टाकीपासून सुरुवात करू म्हणतो, आणि ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. खाऱ्या पाण्यात मात्र टाकी लहान तेवढी चूक मोठी होते. ४० लिटर पाण्यात एक मेलेली गोगलगाय अमोनिया चढवायला पुरते. दीडशे लिटरमध्ये तीच चूक पचून जाते. १२० ते २०० लिटर हा पहिल्या टाकीसाठी मला योग्य टप्पा वाटतो. ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी काठोकाठ १८२ लिटरची होते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की दीडशेच्या आसपास पाणी उरतं. ४५ सेंटिमीटर उंचीचा फायदा असा की हात तळापर्यंत पोचतो आणि प्रकाशही पोचतो. ६० सेंटिमीटर खोल टाकी दिसते छान, पण तळाला पडलेलं प्रवाळ उचलताना खांद्यापर्यंत भिजावं लागतं.

पाणी, काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा संप धरून हे वजन तीनशे किलोच्या घरात जातं. स्टँड सपाट आहे का, हे स्पिरिट लेव्हलने दोन्ही बाजूंनी तपासा. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचं फर्निचर वापरू नका, खारं पाणी लागलं की ते फुगतं. टाकी जागेवर ठेवून आधी साध्या पाण्याने भरा आणि दोन दिवस तशीच सोडा. गळती असेल तर ती साध्या पाण्याची असलेली बरी.

वरून काचेचं झाकण नको, त्याने उष्णता कोंडते आणि हवेची देवाणघेवाण कमी होते. बारीक जाळीचं झाकण करा. गोबी आणि रास जातीचे मासे उडी मारतात, आणि सकाळी ते जमिनीवर वाळलेले सापडतात.

पायरी ३: संप घ्यावा का?

संप म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली दुसरी टाकी. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून, म्हणजे काठाजवळच्या दातेरी खाचेतून, खाली येतं, तिथे गाळलं जातं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर पाठवतो. हीटर, स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र), सेन्सर असली सगळी अडगळ खाली लपते, पाण्याचा एकूण साठा वाढतो आणि मुख्य टाकीतली पातळी कायम एकसारखी राहते. शक्य असेल तर घ्याच. शक्य नसेल तर ज्यांच्या मागच्या भागात गाळणीचे कप्पे असतात अशा तयार टाक्या मिळतात. ऐंशी-शंभर लिटरपर्यंत त्या ठीक चालतात.

आता तो दुसरा प्रश्न. वीज गेली, रिटर्न पंप थांबला, तर काय होतं? वरच्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या दातांपर्यंत उतरत राहतं आणि सगळं संपात येतं. पातळी फक्त २ सेंटिमीटर उतरली तरी ९० × ४५ च्या टाकीतून ८ लिटर पाणी खाली येतं. त्यात नळ्यांमधलं आणि स्किमरमधलं पाणी मिळवा. म्हणजे संप चालू असताना त्यात निदान १२ ते १५ लिटरची जागा रिकामी हवी. रिटर्नच्या नळीचं तोंड पाण्यात खोल बुडालं असेल तर ती नळीच उलटी सायफन होऊन आणखी पाणी खेचते. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या जरासं खाली ठेवायचं. काही जण नळीला पृष्ठभागाजवळ छोटं भोक पाडतात, पण गोगलगाय किंवा शेवाळ ते भोक बुजवून टाकतं. मी त्या भोकावर कधीच विसंबत नाही.

रिटर्न पंप तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरवणारा पुरे. त्याहून मोठा घेतला तर हाती फक्त आवाज आणि उष्णता येते. टाकीतला खरा प्रवाह वेव्हमेकर, म्हणजे टाकीच्या आत बसवलेले प्रवाहाचे पंप, देतात.

पायरी ४: पाणी बनवण्याची सामग्री, इथे काटकसर नको

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि कधी कधी तांबंही असतं. पहिल्या तिघांवर शेवाळ पोसतं. तांबं अगदी कमी प्रमाणातही प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं. (माशांच्या कित्येक औषधांत तांबं असतं, त्यामुळे ती औषधं या टाकीत कधीही घालायची नाहीत.)

उपाय म्हणजे आरओडीआय. यात चार टप्पे असतात: गाळ अडवणारी गाळणी, कार्बन, आरओचा पडदा आणि शेवटी डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार पकडणारे दाणे. पिण्याच्या पाण्याचा घरगुती आरओ का चालत नाही, हा प्रश्न हमखास येतो. पिण्याचं पाणी बेचव लागू नये म्हणून अशा बऱ्याच यंत्रांत खनिजं परत मिसळलेली असतात किंवा थोडं न गाळलेलं पाणी वळवून घातलेलं असतं. तशी सोय नसली तरी पडद्यातून थोडे क्षार निसटतातच, आणि ते पकडायलाच डीआय लागतं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ० असला पाहिजे. मीटर २ किंवा ३ दाखवू लागला की रेझिन बदलायची वेळ झाली. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर ते डोळ्यांनाच कळतं.

या पाण्यात समुद्री मीठ मिसळायचं. स्वयंपाकाचं किंवा खडेमीठ इथे कामाचं नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बाकीचे घटक समुद्राच्या प्रमाणात नसतात. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका. उलटं केलं की दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट बनून पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. एक झाकणाचा पिंप, त्यात एक छोटा पंप आणि काही तासांची सवड एवढं लागतं. जीव असलेल्या टाकीत थेट मीठ टाकायचं नाही.

खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) हवा, म्हणजे २५ अंशांना विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६. तो मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, म्हणजे थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा सांगणारं उपकरण. काटा हलणारं स्वस्त हायड्रोमीटर घेऊ नका, त्याच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटरसोबत ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण घ्यायला विसरू नका आणि महिन्यातून एकदा त्यावर मीटर लावून बघा. शुद्ध पाण्यावर शून्य दाखवणारं उपकरण ३५ च्या जवळ चुकू शकतं, आणि आपल्याला काम पडतं ते ३५ च्या जवळच.

पायरी ५: तापमान

हीटर ही पेटीतली सगळ्यांत स्वस्त वस्तू आणि सगळ्यांत घातक. त्याचा थर्मोस्टॅट बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालू अवस्थेतच चिकटतो. माझ्या पहिल्या टाकीत हे घडलं. सकाळी उठून पाहिलं तर मशरूम सुरकुतून सुपारीएवढे झालेले, गोगलगायी काच सोडून वाळूवर उताण्या पडलेल्या आणि काचेला हात लावला तर ती कोमट. थर्मामीटर ३२ अंशांवर होता. माझ्याकडे ३०० वॉटचा एकच हीटर होता, कारण "मोठा घेतला की काळजी नाही" असं मला सांगण्यात आलं होतं.

हिशेब करून बघा. ३०० वॉटचा हीटर सतत चालला तर १५० लिटर पाणी तासाला पावणेदोन अंशांच्या आसपास चढतं. रात्रभरात काय होईल ते वेगळं सांगायला नको. त्याऐवजी ७५ वॉटचे दोन घ्या. एक चालू अवस्थेत चिकटला तर पाणी इतकं हळू तापतं की खोलीतली हवा ती उष्णता ओढून घेत राहते. एक बंद पडला तर दुसरा निदान घसरण थोपवतो. खोली फार थंड असेल तर वॉट वाढवा, पण दोन हीटरांत विभागून. दोघांवर वेगळा तापमान कंट्रोलर बसवा: हीटरची स्वतःची खूण २६.५ वर आणि कंट्रोलरची २५.५ वर. म्हणजे रोजचं काम कंट्रोलर करतो आणि तो चिकटला तर हीटरचा थर्मोस्टॅट मागे उभा असतो.

तापमान २५ ते २६.५ अंशांत कुठेही चालेल, पण जे ठरवलं ते रोज तेच राहू द्या. ३० च्या वर दीर्घकाळ राहिलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं बाहेर टाकू लागतं आणि पांढरं पडतं. त्याचा बहुतेक आहार त्या शैवालांकडूनच येत असतो, त्यामुळे पांढरं पडणं म्हणजे उपासमारीची सुरुवात.

खोली उकाड्याची असेल तर प्रश्न थंड करण्याचा होतो. चिलर खात्रीचा, पण महाग, आणि तो पाण्यातली उष्णता खोलीतच ओकतो, हे लक्षात ठेवून त्याला मोकळी हवा द्या. त्याआधी पृष्ठभागावर वारा घालणारा साधा पंखा लावून बघा. बाष्पीभवनात फार उष्णता निघून जाते. १ लिटर पाणी उडालं की १८० लिटरमधून सुमारे ३ अंशांएवढी उष्णता जाते. खोली त्यातली बरीच परत देते, तरी २ अंशांचा फरक सहज पडतो. दमट हवेत मात्र पंख्याचा जोर कमी होतो.

पायरी ६: उडालेलं पाणी भरून काढणं

पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १५० लिटरच्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडालं आणि आठवडाभर लक्ष गेलं नाही, तर खारटपणा ३५ वरून ३८.५ च्या पुढे जातो. म्हणून रोज भर घालायची ती शुद्ध आरओडीआय पाण्याची, खाऱ्या पाण्याची नव्हे. हाताने घातली तरी चालते, पण एक दिवस चुकतो, मग दोन चुकतात. ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे एटीओ, हे काम तासागणिक करतं: सेन्सर पातळी बघतो आणि छोटा पंप डब्यातलं पाणी सोडतो. पहिल्या दिवसापासून घ्यावं असं हे यंत्र आहे. स्किमर महिनाभर लांबला तरी चालेल.

हा पंप चालूच राहिला तर? डब्यातलं सगळं पाणी टाकीत जाईल. म्हणून डबा मुद्दाम लहान ठेवा. १० लिटरचा डबा पूर्ण रिकामा झाला तरी १५० लिटरमध्ये खारटपणा ३३ च्या आसपास येऊन थांबतो, आणि ते निभावतं. ५० लिटरचा पिंप लावला तर निभावणार नाही, शिवाय जमिनीवर तळं होईल. सेन्सर दोन असलेला एटीओ निवडा, एक प्रकाशावर चालणारा आणि एक तरंगता, म्हणजे एकाला शेवाळ चिकटलं तर दुसरा पंप तोडतो.

पायरी ७: दगड आणि वाळू

यंत्रांच्या यादीत दगड कसा, असं वाटेल. पण रीफ टाकीतला मुख्य फिल्टर तोच. त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. १९६१ मध्ये इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत दगड (ज्यात जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असतात), हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर चालणाऱ्या टाक्यांची पद्धत जगापुढे मांडली. पुढच्या सगळ्या यंत्रांचा मूळ पाया तोच राहिला.

आज कोरडा दगड घेणं सोयीचं. त्यातून नको ते किडे येत नाहीत आणि समुद्रातून काही ओरबाडावं लागत नाही. दीडशे लिटरला १२ ते १५ किलो पुरे. भिंत रचू नका, मागून-पुढून पाणी खेळेल अशा दोन-तीन टेकड्या रचा. दगड थेट तळाच्या काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू टाका, नाहीतर वाळू उकरणारे मासे टेकडी पाडतात. वाळू अ‍ॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटचं खनिज), १ ते २ मिलिमीटर दाण्याची, तीनेक सेंटिमीटरचा थर. अगदी पिठासारखी घेतली तर वेव्हमेकर चालू करताच टाकी दुधासारखी होते.

पायरी ८: प्रवाह

प्रवाळ जागेवरून हलत नाही. अन्न त्याच्याकडे वाहत यावं लागतं आणि मळ वाहून जावा लागतो. सॉफ्ट कोरल आणि एलपीएससाठी टाकीच्या १५ ते २५ पट पाणी तासाला फिरलं पाहिजे, एसपीएसला ४० पट किंवा जास्त. दीडशे लिटरसाठी तासाला दीड ते दोन हजार लिटरचे दोन छोटे डीसी वेव्हमेकर, समोरासमोर, आलटून-पालटून चालणारे. एकच मोठा घेतला तर एका बाजूची वाळू उडते, दुसऱ्या बाजूला मळ साचतो, आणि तो बंद पडला की सगळंच थांबतं.

प्रवाह बरोबर आहे का, ते प्रवाळच सांगतं. युफिलियाचे हात सावकाश डोलत असतील तर ठीक. एकाच दिशेला ताणून चिकटले असतील तर झोत थेट त्यावर पडतोय, आणि असं चालू राहिलं तर मांस सांगाड्यावरून फाटतं.

पायरी ९: प्रोटीन स्किमर

स्किमरमध्ये हवेचे अतिशय बारीक बुडबुडे पाण्यात घुसळले जातात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून येणाऱ्या सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं पाण्यापासून पळतं, म्हणून ते बुडबुड्याच्या पृष्ठभागावर चिकटतात. फेस मानेतून वर चढतो आणि कपात पडतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात म्हणून हे जमतं, गोड्या पाण्यात नाही. समुद्रकिनाऱ्यावर लाटांसोबत येणारा पिवळट फेस हेच काम करत असतो.

कपातलं पाणी पहिल्यांदा ओताल तेव्हा वास नाकात बसेल. काळपट हिरवं, घट्ट, सडक्या मासळीसारखं. ते सगळं कालपर्यंत टाकीत होतं, आणि अजून कुजून त्याचं नायट्रेट झालेलं नव्हतं, हे लक्षात आलं की त्या वासाचं काही वाटत नाही. मानेच्या आतल्या बाजूला बोटाने फिरवून बघा, तुपकट थर लागेल. तो दर आठवड्याला पुसला नाही तर फेस चढतच नाही.

निवडताना खोक्यावरची क्षमता आपल्या टाकीच्या दीड ते दोन पट बघा. कुठल्या पातळीच्या पाण्यात तो उभा राहतो तेही बघा, कारण संपाच्या त्या कप्प्यात पातळी स्थिर नसेल तर तो कधी कोरडा चालतो, कधी वाहतो. नवा स्किमर एक-दोन आठवडे वेड्यासारखा वागतो, तेव्हा सारखे स्क्रू फिरवत बसू नका. खोली बंद असेल आणि पीएच ७.८ च्या आसपास अडकत असेल तर त्याची हवेची नळी खिडकीबाहेर काढा. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे पीएच वर येतो.

पायरी १०: आता दिवा

समुद्राचं पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं, निळा खोलवर जातो. प्रवाळातली शैवालं त्या निळ्या प्रकाशावरच जगायला घडली आहेत. म्हणून ४०० ते ४८० नॅनोमीटरचा भाग भरपूर असलेला एलईडी हवा. दिव्याची ताकद वॉटमध्ये मोजू नका, पारमध्ये मोजा, म्हणजे वनस्पतींना वापरता येईल एवढा प्रकाश प्रत्यक्ष किती पोचतो त्यात. सॉफ्ट कोरलना ५० ते १००, एलपीएसना ७५ ते १५० आणि एसपीएसना २०० ते ३५० पार लागतो. पार मीटर विकत घ्यायची गरज नाही, एका दिवसापुरता कोणाकडून मागून आणा आणि टाकीतल्या दहा जागांचे आकडे वहीत लिहून ठेवा.

नवखे लोक प्रकाश कमी पडून प्रवाळ मारत नाहीत, जास्त देऊन मारतात. दिवा ३० टक्क्यांवर सुरू करा, आठ तास ठेवा आणि चार-सहा आठवड्यांत हळूहळू वाढवा. नवं प्रवाळ आधी वाळूवर ठेवायचं, मग वर न्यायचं. दिव्यात मंद करण्याची आणि वेळ लावण्याची सोय असली म्हणजे झालं. ढगांचे खेळ आणि विजांचे देखावे यांवर पैसे घालवू नका.

पायरी ११: चाचण्या

मराठीत "क्षारता" हा शब्द खारटपणालाही वापरतात आणि अल्कलिनिटीलाही. त्यामुळे फार घोळ होतो, म्हणून मी दोन्हींना वेगळी नावं ठेवतो. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला तो कार्बोनेटचा साठा, ज्यातून प्रवाळ सांगाडा बांधतं आणि ज्यामुळे पीएच टिकतो. ती ७ ते ९ डीकेएच (हे तिचं मोजमाप) ठेवा. समुद्रात साधारण ७ असते.

पहिल्या महिन्यात अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट हे संच लागतात, पुढे फॉस्फेट आणि अल्कलिनिटी. कॅल्शियम (४०० ते ४५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग) आणि मॅग्नेशियम (१२८० ते १३५०) दगडी प्रवाळं आल्यावर. अल्कलिनिटीच्या अनेक संचांत पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं असतं आणि निळं पाणी ज्या थेंबाला पिवळं होतं तो आकडा. ५ मिलिलिटर पाण्यात एक थेंब म्हणजे १ डीकेएच असेल तर १० मिलिलिटर घेतल्यावर एक थेंब अर्ध्याचा होतो. दुप्पट पाणी घ्या, वाचन दुप्पट बारीक होतं. आणखी एक: नायट्राइट शिल्लक असेपर्यंत नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो, तेव्हा घाबरू नका.

टाकी जीव घेण्यासाठी तयार व्हायला बहुधा तीन ते सहा आठवडे लागतात. २ पीपीएमपर्यंत अमोनिया घालून तो चोवीस तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य, तर जिवाणू कामाला लागले.

काय घेऊ नये

कॅल्शियम रिअ‍ॅक्टर, ओझोन, सगळी टाकी चालवणारा मोठा कंट्रोलर, चार पंपांचं डोसिंग यंत्र (खनिजांची द्रावणं मोजून घालणारं), यातलं काहीही पहिल्या वर्षी नको. चार मशरूम आणि एक लेदर जेवढं कॅल्शियम वापरतात तेवढं आठवड्याला १० टक्के पाणी बदललं की मिळतं. दोन पाणीबदलांच्या मध्ये अल्कलिनिटी १ डीकेएचपेक्षा जास्त उतरू लागली की मग डोसिंगचा विचार करा. वाचलेल्या पैशांतून ४० लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि छोटा हीटर घ्या आणि प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे तिच्यात वेगळा ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा मुख्य टाकीत शिरला तर तो घालवण्यासाठी टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

पायरी १२: वीज

प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली टपकतं, प्लगमध्ये जात नाही. बोर्ड संपाच्या वर किंवा बाजूला, कधीही खाली नको. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय त्या पाण्यात हात घालू नका. पण तो पडला की सगळं एकदम थांबतं, म्हणून दोन वेगळ्या लाइन करून घ्या: एकीवर एक हीटर आणि एक वेव्हमेकर, दुसरीवर बाकीचं.

वीज गेल्यावर मासे थंडीने नव्हे, प्राणवायू संपून मरतात. त्यामुळे बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप घरात हवाच. डीसी वेव्हमेकरला बॅटरी जोडता आली तर आणखी उत्तम, पृष्ठभाग हलता राहिला की बरेच तास निघतात.

सगळं बसवून, खारं पाणी आणि दगड आत असताना, पण एकही जीव आणण्याआधी, मेन स्विच बंद करा आणि संपासमोर बसा. पाणी चढत चढत कुठे थांबतं ते बघा. काठाच्या जवळ गेलं तर पुन्हा चालू करून संपातलं पाणी कमी करा आणि परत बंद करून बघा. मग वीज सुरू करा: रिटर्न पंप आपणहून सुरू होतो का? काही डीसी पंप बटण दाबल्याशिवाय उठत नाहीत. स्किमर अचानक पातळी वाढल्यामुळे वाहतो का? एटीओला पाणी कमी वाटून तो मधल्या मिनिटांत भर घालतो का? हे तीनदा करा, वेगवेगळ्या दिवशी. तिसऱ्या वेळी सगळं आपापल्या जागी परतलं, की पंप चालू असतानाची संपातली पातळी बघून बाहेरच्या काचेवर मार्करने एक रेघ ओढा. पाणीबदल करताना, भर घालताना, त्या रेघेच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही.